पंचांगाचे ध्रुवांक

वैनगंगेकाठच्या भंडाऱ्यास विषुवदिनीं मध्यान्हीं बारा अंगुळांचा शंकु उन्हांत उभा केला, तर त्याची छाया सुमारें ४ अंगुळें ३९ व्यंगुळें पडते. हीच त्या गांवाची पलभा. दिनमान काढण्यास ती लागते. दुसरा आंकडा देशांतराचा. आपल्या ज्योतिषाची मध्यरेषा उज्जयिनीवरून जाते, आणि भंडारा तिच्या पूर्वेस सुमारें ३९ पळें. दोहोंत ३९ च यावेत हा निव्वळ योगायोग. दोहोंची जात मात्र निराळी. पलभा सूर्य देतो. देशांतर निघतें तें माणसांनीं उज्जयिनी धरली म्हणून.

पंचांगाच्या ध्रुवांकांतहि हाच भेद आहे, आणि त्यावरून महाराष्ट्रांत मोठा वाद माजला. सूर्यसिद्धांताचें वर्ष ३६५ दिवस १५ घटी ३१ पळें ३१ विपळें. नाक्षत्र वर्षाहून तें सुमारें साडेतीन मिनिटांनीं मोठें. एवढ्याशा अंतरानें सुमारें ४१७ वर्षांत एक दिवस चुकतो! गणेश दैवज्ञांच्या 'ग्रहलाघवां'त (शके १४४२, इ. स. १५२०) संपात मागें सरण्याची गति, म्हणजे अयनगति, वर्षाला एक कला धरली आहे. हिशेबास सोय उत्तम. परंतु खरी गति सुमारें ५०.३ विकलाच भरते.

असे आंकडे वेधानें सुधारतां येतात. केरो लक्ष्मण छत्रे यांनीं १८६० सालीं 'ग्रहसाधनाचीं कोष्टकें' प्रसिद्ध केलीं व १८६५ पासून नवें पंचांग चालविलें, तें याच बळावर. पण राशिचक्राचा आरंभ कोठून मोजावा? छत्र्यांनीं रेवतीचा योगतारा धरला. तो इतका मंद कीं शहरांतल्या दिव्यांत डोळ्यांस दिसणारहि नाहीं. व्यंकटेश बापूजी केतकरांनीं तेजस्वी चित्रेच्या समोरचा बिंदु पुरस्कारिला. दोहोंत सुमारें चार अंशांचें अंतर. म्हणून छत्र्यांचे शिष्य लोकमान्य टिळक यांच्या नांवाच्या पंचांगांत मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमारास, तर इतरांत १४ च्या. क्वचित् अधिकमासहि निराळा पडून एका आळींत दिवाळी महिनाभर आधीं उजाडते. गणितांत कोणीच चुकलेला नसतो. हा बिंदु आकाशांत कोरलेला नाहीं, तो मानून घ्यावा लागतो. दुर्बिणीनें हा तंटा कसा तुटावा?

अखेर १९५२ मध्यें मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. तिनें २१ मार्च १९५६ चे अयनांश २३ अंश १५ कला ठरविले, चित्रेच्या बाजूनें. मध्यरेषाहि उज्जयिनीहून हलवून ८२॥ अंशांवर नेली, घड्याळाची तीच. त्या रेषेनें भंडारा पूर्वेचा पश्चिमेस गेला, सुमारें ११ मिनिटें मागें. विषुवदिनाची छाया मात्र तेथें अजून ४ अंगुळें ३९ व्यंगुळेंच पडते.