कोयत्याची कसोटी चुलीपाशी

दिवाळीच्या सुमारास दक्षिण गुजरातेत ऊसतोडीचा हंगाम सुरू होतो आणि सुरत जिल्ह्यातील बारडोलीच्या परिसरात मजुरांचे तांडे उतरू लागतात. डांगच्या डोंगरांतून जसे मजूर येतात, तसेच सीमेपलीकडच्या खानदेशातून, म्हणजे धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतूनही येतात. भांडीकुंडी, गोधड्या आणि लेकरे यांच्या जोडीने त्यांच्या सामानात एक अवजार हटकून असते, ते म्हणजे कोयता. दिवसभर ऊस तोडणारे हे पाते सायंकाळी कोपीपुढच्या चुलीसाठी सरपणही फोडते. उघड्यावर वापरायच्या स्वस्त पात्याची याहून कठोर परीक्षा क्वचितच होत असेल.

अवजार आणि माणूस

ऊसतोडीच्या व्यवहारात ‘कोयता’ हा शब्द केवळ अवजाराचा वाचक नाही. एकत्र काम करणारी जोडी, बहुधा नवरा-बायको, मुकादमाच्या हिशेबात ‘एक कोयता’ म्हणून मोजली जाते. हंगामापूर्वीची उचल कोयत्यामागे दिली जाते आणि हंगामभराच्या तोडणीतून ती फेडून घेतली जाते. जोडीची मजुरी एकत्र मांडली जात असल्याने बाईच्या श्रमांची वेगळी नोंद राहत नाही. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी बारडोलीच्या परिसरातील या मजुरांचा अभ्यास केला आणि १९७८ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त तो प्रसिद्ध केला. त्यानंतर हा शब्द श्रमविषयक अभ्यासातही रूढ झाला. ज्यांची मोजणीच कोयत्याने होते, त्यांच्या दृष्टीने पात्याचा दर्जा हा हौसेचा विषय नाही. मूठ निखळली किंवा धार गेली, तर तेवढी तोड आणि तेवढी मजुरी बुडते.

पात्याची घडण

गावोगावचे लोहार असे कोयते बरेचदा मालमोटारीच्या जुन्या कमानपाट्यापासून घडवतात. त्या पोलादात साधारण अर्धा ते पाऊण टक्का कार्बन असतो. त्यामुळे ते चिवट राहते आणि ‘पाणी दिल्यावर’, म्हणजे लाल तापवून एकदम थंड केल्यावर, पुरेसे कठीणही होते. मात्र नुसते पाणी दिलेले पाते ठिसूळ असते. ते पुन्हा मंद आचेवर तापवून त्याचा ताठा थोडा उतरवावा लागतो. हे दुसरे तापवणे अपुरे राहिले तर धारेचे टवके उडतात. फाजील झाले तर धार वळते. अवजार स्वस्त असो वा महाग, त्याचे आयुष्य याच टप्प्यावर ठरते.

दुसरे मर्मस्थान मुठीत दडलेले असते. पात्याचे शेपूट मुठीत किती खोल गेले आहे आणि मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडे घट्ट बसले आहे की नाही, हे विकत घेतानाच पाहावे. शेपूट आखूड असेल तर काही दिवसांच्या ठोकाठोकीनंतर मूठ हलू लागते. फोडणी करताना हातातून सुटलेले पाते बोथट पात्यापेक्षाही घातक ठरते.

चार परीक्षा

चूल किंवा शेकोटी पेटवताना पात्याला एकामागून एक चार कामे करावी लागतात आणि प्रत्येक काम त्याचा एक गुण पारखते.

पहिले काम छाटणीचे. अंगठ्याएवढी वाळकी फांदी तिरक्या घावाने एक-दोन फटक्यांत तुटली पाहिजे. पाते लाकडात रुतून बसत असेल तर धारेमागचा उतार चुकलेला आहे. उसळून परत येत असेल तर धार गेलेली आहे.

दुसरे काम फोडणीचे. मनगटाएवढा ओंडका उभा ठेवून त्याच्या डोक्यावर धार टेकवावी आणि पात्याच्या पाठीवर लाकडी ठोकळ्याने ठोकावे. यासाठी दगड किंवा हातोडा वापरू नये, कारण त्याने पात्याची पाठ चेपते आणि कपची उडून डोळ्याला इजा होऊ शकते. लाकडाची जाडी पात्याच्या लांबीहून कमी असावी आणि गाठीचे लाकूड टाळावे. पावसात भिजलेल्या ओंडक्याचा गाभा अनेकदा कोरडा असतो. तो बाहेर काढता येतो, हाच या फोडणीचा खरा लाभ.

तिसरे काम सर्वांत नाजूक. कोरड्या चिरफळीवरून पाते हलक्या हाताने सरकवत कागदासारखी पातळ सालपटे काढायची. ती तोडून न टाकता टोकाशी जोडलेलीच ठेवायची. अशा झुपक्याला एका काडीत आग लागते. फोडणीनंतरही पात्याला हे साधले, तर त्याची धार टिकली असे समजावे.

चौथी परीक्षा काम संपल्यावर होते. पाते उजेडात धरून धारेकडे सरळ पाहावे. तीक्ष्ण धार प्रकाश परतवत नाही; जेथे चमकती रेघ किंवा ठिपका दिसतो, तेथे ती बोथटली आहे किंवा तिचा टवका उडाला आहे. दहा मिनिटे दगडावर घासून ही चमक गेली तर अवजार भरवशाचे. खूप घासूनही धार येत नसेल, तर पोलादच हलके आहे.

स्वस्त म्हणजे टाकाऊ नव्हे

जगात नावाजलेले अनेक चाकू मुळात कष्टकऱ्यांसाठी घडवलेले आहेत. स्वीडनमधील मोरा गावचे साधे चाकू सुतार आणि लाकूडतोडे वापरत आले. फ्रान्सच्या साव्हाय प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये घडवलेला लाकडी मुठीचा, मिटणारा चाकू शेतकऱ्यांच्या खिशात रुळला. या चाकूंची आणि लोहाराच्या कोयत्याची घडण निराळी असली, तरी दिखाऊपणाला फाटा, धार लावायला सोपे पोलाद आणि परवडणारी किंमत हे गुण समान आहेत. याउलट दातेरी पाठ, पोकळ मूठ आणि त्यात बसवलेले होकायंत्र अशा थाटाच्या चाकूची मूठ फोडणीच्या परीक्षेत बहुधा प्रथम दगा देते.

साध्या पोलादाचा एक दोष मात्र मान्य करावा लागतो, तो म्हणजे गंज. गोव्याच्या दमट हवेत आणि पावसाळ्यात तो अधिकच जाणवतो. वापरानंतर पाते पुसून त्यावर खोबरेल तेलाचा हात फिरवणे हा माडाच्या मुलखातला सोपा उपाय आहे.

आग आणि कायदा

शस्त्र नियम, २०१६ अन्वये नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते नियंत्रित शस्त्रांत मोडते. घरगुती, शेती, वैज्ञानिक व औद्योगिक कामांसाठीची अवजारे त्यातून वगळली आहेत. शेतातल्या कोयत्याला ही सूट आहे. तरीही गर्दीच्या ठिकाणी तो उघडा मिरवणे शहाणपणाचे नाही.

आगीचे नियम अधिक कडक आहेत. राखीव जंगलात मनाईच्या काळात आग पेटवणे किंवा बाळगणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार गुन्हा आहे. अभयारण्याला धोका पोहोचेल अशी आग पेटवण्यास वा जळती सोडण्यास वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे कलम ३० मनाई करते. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात व आसपासच्या डोंगरांत वणवे भडकले, तेव्हा ते विझवण्यासाठी नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली. उन्हाळ्याच्या तोंडाशी वाळलेला पाला किती झपाट्याने पेटतो, हे गोमंतकीयांनी तेव्हा पाहिले.

म्हणून शेकोटी परवानगी असलेल्या जागीच आणि उघड्या मातीवर करावी. भोवतालचा पाला दूर सारावा आणि पाण्याची कळशी आधी भरून ठेवावी. बंद पेराचा बांबू आगीत फुटतो, तसेच ओढ्यातले ओले दगडही. ते चुलीला लावू नयेत. विझवताना नुसती माती लोटल्यास निखारे आत धुमसत राहतात. पाणी ओतून, ढवळून, राखेजवळ हात नेला असता ऊब लागत नाही, इतपत विझवावे.

ऊसतोड मजुराला हे सारे सवयीनेच ठाऊक असते, कारण त्याच्या कोपीचे कूड आणि छप्पर दोन्ही पाचटाची असतात. एखादी ठिणगी उडाली तर घर जळते. हौशी भटक्याने दुकानातून आणलेल्या चाकूची किंमत सांगण्याआधी, ती आग विझवताना त्याने किती काळजी घेतली, हे पाहावे.