जादूचा कंदील आणि प्रकाशाचे धडे

प्रकाशाविषयीं शिकवावयाचें म्हणजे मोठी अडचण अशी, कीं ज्याच्या साहाय्यानें आपण सर्व वस्तु पाहतों तो प्रकाश स्वतः मात्र दिसत नाहीं. अंधाऱ्या खोलींत कवडसा आला आणि त्यांत धुळीचे कण नाचूं लागले, म्हणजे आपण किरण दिसला असें म्हणतों. वस्तुतः दिसते ती धूळ. शिक्षकानें फळ्यावर खडूनें सरळ रेघ ओढून तिला किरण म्हणावें, तर मुलाच्या मनांत रेघ राहते, प्रकाश राहत नाहीं. ही अडचण ज्या एका साध्या उपकरणानें पुष्कळशी दूर केली, त्याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. आपल्याकडे त्या उपकरणाला जादूचा कंदील हें नांव पडलें.

हा कंदील शिक्षकाच्या घरीं जन्मला नाहीं, हें प्रथमच सांगितलें पाहिजे. हॉलंडमधील थोर शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यानें १६५९ सालीं आपल्या वहींत त्यासाठीं कांहीं आकृति काढल्या. त्या कसल्या, तर आपलें मुंडकें धडावरून उचलून हातीं घेणाऱ्या सांगाड्याच्या! पुढें १६६२ सालीं त्याच्या वडिलांना असा एक कंदील फ्रान्सच्या राजदरबारीं दाखविण्याची हौस आली. पित्याची आज्ञा मोडवेना आणि असल्या खेळण्याशीं आपलें नांव जोडलें जावें हेंहि सोसवेना, अशा पेंचांत हायगेन्सनें पॅरिसमधील आपल्या भावाला लिहून कळविलें, कीं कंदिलाचें एक भिंग गुपचूप काढून ठेव म्हणजे तो चालणारच नाहीं. शनीच्या कड्याचें कोडें उलगडणाऱ्या पुरुषाला या कंदिलाची लाज वाटावी, याचें मला मोठें नवल वाटतें. पण ती लाज अगदींच अकारण नव्हती. त्यानंतर दीडदोनशें वर्षें गांवोगांव फिरणाऱ्या खेळवाल्यांनीं याच कंदिलाच्या जोरावर भुतेंखेतें दाखवून लोकांना भेवडावलें व आपलें पोट भरलें.

आतां या कंदिलाची रचना पाहूं. एका बंद पेटींत दिवा असतो. त्याच्या पुढें जाड बहिर्गोल भिंगें बसविलेलीं असतात. चोहोंकडे पसरूं पाहणारा प्रकाश गोळा करून तो चित्राच्या कांचेवर सारखा टाकणें हें त्यांचें काम. कांचेच्या पुढें आणखी एक भिंग असतें, तें त्या चित्राची मोठी प्रतिमा पडद्यावर पाडतें. ही प्रतिमा उलटी पडते, म्हणून कांच घालतांनाच उलटी घालावी लागते. आणि घालणारा चुकला कीं पडद्यावरचे राजेरजवाडे डोक्यावर उभे राहतात. मुलें अशा वेळीं खदखदून हसत. मला मात्र तो धड्याचा उत्तम आरंभ वाटे. कारण प्रतिमा उलटी कां पडते हा प्रश्न मग मुलेंच विचारतात, शिक्षकाला विचारावा लागत नाहीं.

परंतु खरी मेख होती ती दिव्यांत. तीन इंची चित्र पडद्यावर नऊ फुटी करावयाचें, तर त्याची लांबी ३६ पट वाढते आणि रुंदीहि ३६ पट वाढते. म्हणजे चित्रांतून आलेला सगळा प्रकाश १,२९६ पट जागेवर पसरतो. तेलाच्या दिव्याची तेथें काय कथा! दहावीस माणसांच्या दिवाणखान्यांत तो भागला, हजार लोकांच्या सभागृहांत भागला नसता. १८२०च्या पुढें चुन्याचा दिवा आला. प्राणवायु व उज्ज यांची ज्योत चुन्याच्या कांडीवर सोडली म्हणजे ती कांडी डोळे दिपविणाऱ्या तेजानें झळकते. आयर्लंडच्या मोजणीच्या कामांत टॉमस ड्रमंड यानें दूरच्या खुणेसाठीं तो वापरला आणि तेथून तो रंगभूमीवर व कंदिलांत शिरला. दोन कोळशांच्या टोकांमधून विजेचा प्रवाह नेऊन होणारा दिवा त्याहूनहि प्रखर. इकडे फिलाडेल्फिया येथील लांगेनहाइम बंधूंनीं १८५० सालीं कांचेवरील छायाचित्रांचें पेटंट घेतलें, आणि चिताऱ्याच्या कुंचल्यावांचूनहि कंदिलाला चित्रें मिळूं लागलीं.

असा हा सुधारलेला कंदील खऱ्या अर्थानें शिक्षकाच्या हातीं पडला, तो जॉन टिंडॉल याच्या. टिंडॉल आयरिश, तरुणपणीं त्यानेंहि मोजणीखात्यांतच नोकरी केली, पुढें शाळेंत शिकविलें, आणि १८५३ सालीं तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें प्राध्यापक झाला. १८७२-७३च्या हिवाळ्यांत त्यानें अमेरिकेंत बोस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया वगैरे शहरीं प्रकाशावर सहा व्याख्यानांची माला दिली. श्रोते शास्त्री नव्हते, सामान्य सुशिक्षित नागरिक होते. खर्च वजा जातां जे सुमारें तेरा हजार डॉलर उरले, ते त्यानें तेथील तरुणांच्या शास्त्राध्ययनासाठीं तेथेंच ठेवून दिले.

टिंडॉलचें वैशिष्ट्य असें, कीं तो कंदिलांत चित्र घालण्याऐवजीं प्रत्यक्ष वस्तूच घाली. इंद्रधनुष्याच्या रंगांचें चित्र दाखविण्यापेक्षां विजेच्या दिव्याचा किरण लोलकांतून नेऊन तो खरा वर्णपटच पडद्यावर पसरी. बर्फाची एक चकती घेऊन तिच्यांतून तो झोत सोडी आणि पुढें भिंग ठेवून तिची मोठी प्रतिमा पाडी. झोताबरोबर येणाऱ्या अदृश्य उष्ण किरणांनीं बर्फ आंतल्या आंत ठिकठिकाणीं वितळूं लागे, आणि पाहतां पाहतां पडद्यावर सहा पाकळ्यांचीं फुलें उमलत. प्रत्येक फुलाच्या मध्यभागीं एक चकाकणारा ठिपका असे. बर्फाचें पाणी झालें म्हणजे तें कमी जागा व्यापतें, ती उरलेली रिकामी जागाच त्या ठिपक्याच्या रूपानें चमके. एवढा मजकूर पुस्तकांतून पाठ करावयास मुलाला आठवडा लागेल आणि पुढच्या आठवड्यांत तो विसरेल. डोळ्यांदेखत फुललेलें तें फूल कोण विसरेल?

१८६९ सालींच त्यानें एका कांचेच्या नळींत कांहीं वाफा भरून त्यांतून प्रखर झोत सोडला होता. प्रकाशाच्या क्रियेनें नळींत अतिसूक्ष्म कण तयार झाले आणि प्रथम आकाशासारखा निळा रंग दिसूं लागला. कण वाढत गेले तसतसा तो ढगासारखा पांढुरका झाला. आकाशाच्या निळाईचा संपूर्ण उलगडा पुढें लॉर्ड रॅले यानें केला व तें काम हवेचे रेणूच करतात असें दाखविलें, हें खरें; परंतु आकाशाचा तुकडा दिवाणखान्यांत आणून ठेवला तो टिंडॉलनेंच.

आपल्या देशांतहि कंदील दोन्ही वाटांनीं आला. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ सालीं आपले खेळ सुरू केले. त्याला त्यांनीं 'शांबरिक खरोलिका' असें भारदस्त नांव दिलें होतें. कांचेवर हातानें रंगविलेलीं चित्रें एकापेक्षां अधिक कंदिलांतून अशा खुबीनें टाकीत, कीं तीं हलतांना भासत. तो खेळ होता आणि खेळ म्हणून उत्कृष्ट होता. त्याला कोणी नांवें ठेवूं नयेत. दुसरी वाट कलकत्त्याची. तेथें सेंट झेवियर कॉलेजांत फादर लाफों हे बेल्जियन धर्मोपदेशक कंदिलाच्या साहाय्यानें लोकांपुढें शास्त्रीय व्याख्यानें देत. जगदीशचंद्र बोस त्यांचेच विद्यार्थी. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनीं १८७६ सालीं शास्त्रसंवर्धनासाठीं संस्था काढली, तिलाहि लाफों यांचा मोठा हातभार लागला व तेथेंहि अशीं प्रयोगयुक्त व्याख्यानें होऊं लागलीं.

आज शाळाशाळांतून विजेचे प्रोजेक्टर आले आहेत. त्यांवर लोलकांतून जाणारा किरण मोठा सुबक दिसतो, पण तो चितारलेला असतो; म्हणजे खडूची रेघच, फक्त रंगीत आणि हलणारी. मुलें तें पाहून समाधानानें घरीं जातात आणि कपाटांतला कांचेचा लोलक धूळ खात राहतो. ज्या यंत्रांतून हें चित्र पडतें त्यांतच दिवा आहे, भिंग आहे, उलटी प्रतिमा आहे; तें यंत्रच उघडून मुलांपुढें ठेवावें असें फारच थोड्यांना सुचतें.

डॉ. सरकारांच्या त्या संस्थेंत १९०७ पासून एक तरुण सरकारी नोकर कचेरी सांभाळून प्रयोग करावयास येऊं लागला. तेच चंद्रशेखर व्यंकट रामन. १९२१ सालीं विलायतेहून परततांना भूमध्य समुद्राची गर्द निळाई पाहून ती केवळ आकाशाची छाया आहे, हें मत त्यांना पटेना. त्यांच्याजवळ निकोलचा एक छोटा लोलक होता. टिंडॉल आपल्या श्रोत्यांना ध्रुवित प्रकाश दाखवी तो अशाच लोलकानें. बोटीच्या कठड्याशीं उभे राहून त्यांनीं त्या लोलकांतून पाण्याकडे पाहिलें आणि पृष्ठभागावरून परावृत्त होणारा प्रकाश विझवून टाकला. समुद्र निळाच राहिला.