राउलू शेट : गोमंतकाचा विस्मृत सुवर्णकार

सुवर्णकाराने घडविलेला अलंकार पिढ्यान्‌पिढ्या मिरवतो. घडविणाऱ्याचे नाव मात्र त्यावर कोरलेले नसते. ह्या अनामिक परंपरेतील ज्या एका कारागिराची नोंद परकीय दप्तरात टिकली, तो गोव्याचा राउलू होय. पोर्तुगीज कागदपत्रांत तो 'राउलू चातिं' असा येतो. 'चातिं' हे 'शेट' ह्या उपपदाचेच रूप मानले जाते.

इ. स. १५१० मध्ये आफोंसो द आल्बुकेर्क ह्याने गोवा जिंकला. त्याच्यासाठी अलंकार घडविणारा राउलू पुढे लिस्बनला गेला. वास्को द गामाने आणलेल्या सोन्यातून ज्याच्यासाठी १५०६ मध्ये बेलेंचे विख्यात पूजापात्र घडले, त्या राजा मानुएलच्या सेवेत तो १५१८ ते १५२० ह्या काळात होता. गोव्याच्या मूस, फुंकणी व ऐरणीवर तयार झालेल्या हाताला दूरदेशी असा मान लाभला.

पुढील अर्धशतकात काळ पालटला. सासष्टी-बारदेशातील देवळे पाडली गेली. हिंदू कारागिरांनी ख्रिस्ती पूजावस्तू घडवू नयेत, असे निर्बंध आले. अनेक देवतांनी अंत्रूज गाठले, तर कित्येक घराणी कारवारकडे व घाटमाथ्यावर बेळगाव परिसरात विसावली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुरगावचा लोहमार्ग लोंढ्यास जोडला गेला आणि दुरावलेल्या कुलदेवतेचे दर्शन सुलभ झाले.

राउलूचे नाव परकीय दप्तराने राखले. आपल्या पूर्वजांची नावे घरोघरच्या जुन्या वह्यांत व वंशावळींत आहेत. महाजन कुटुंबांनी ती जपणे हे देवकार्याइतकेच अगत्याचे आहे.