सेवाग्रामची मातीची भिंत आणि एक फ्रेंच चरित्रमाला

१/ सेवाग्रामच्या बापू कुटीत मातीच्या भिंतीवर ताडाची झाडे आणि ॐ उठावात साकारलेले दिसतात. हे काम मीराबेन यांच्या हातचे. ब्रिटिश नौदलातील एका अ‍ॅडमिरलची ही कन्या वर्धा जिल्ह्यातील या भिंतीपर्यंत पोहोचली, ती युरोपीय कलावंतांची चरित्रे लिहिणाऱ्या एका लेखकामुळे. हा धागा त्या प्रवासाचा.

२/ तो लेखक म्हणजे रोमाँ रोलाँ (१८६६–१९४४). पॅरिसमध्ये कलेचा आणि संगीताचा इतिहास शिकवणारा हा प्राध्यापक. १९०३ मध्ये त्याने बेटहोव्हेनचे छोटेखानी चरित्र लिहिले. पुढे त्याच मालेत मायकलअँजेलो आणि १९११ मध्ये टॉलस्टॉय आले.

३/ ही चरित्रे कलाकृतींची जंत्री नव्हती. थोर माणूस आपले दुःख कसे पेलतो, हा रोलाँचा प्रश्न होता. बेटहोव्हेनचे बहिरेपण, पोपांच्या कामाला जुंपलेल्या मायकलअँजेलोची तगमग, टॉलस्टॉयच्या श्रद्धा आणि संसार यांतील विसंगती. कलावंताचे मोठेपण त्याच्या कौशल्यापेक्षा त्याच्या सोसण्यात शोधण्याचा हा साचा होता.

४/ १९१४ मध्ये महायुद्ध पेटले. स्वित्झर्लंडमध्ये असलेल्या रोलाँने दोन्ही बाजूंच्या द्वेषाविरुद्ध लेख लिहिले आणि मायदेशी तो देशद्रोही ठरला. १९१५ चे साहित्याचे नोबेल त्याला मिळाले. परंतु ज्या युरोपीय संस्कृतीवर त्याची श्रद्धा होती, ती खंदकांत गाडली गेली होती. युद्धानंतर त्याची नजर पूर्वेकडे वळली.

५/ १९२४ मध्ये त्याचे ‘महात्मा गांधी’ हे पुस्तक आले. त्या वेळी त्याने गांधीजींना पाहिलेले नव्हते, भारतात तो कधीच आला नाही आणि इंग्रजीसाठी त्याला बहीण मादलेन हिच्यावर विसंबावे लागे. कालिदास नाग यांचीही त्याला मदत झाली. पुस्तक आकार घेत असताना त्याचा नायक पुण्याच्या येरवडा तुरुंगात होता.

६/ साचा मात्र जुनाच होता. बेटहोव्हेन आणि टॉलस्टॉय यांच्या पंक्तीत आता गांधी बसले. टागोरांनी असहकारावर घेतलेले आक्षेप रोलाँने प्रामाणिकपणे मांडले, हे त्या पुस्तकाचे बळ. पण एकाच तेजस्वी आत्म्यावर प्रकाश टाकणाऱ्या चरित्रात त्याच्यासोबत चालणारी हजारो माणसे अंधारात राहतात, ही त्याची मर्यादाही तितकीच खरी.

७/ या पुस्तकाची एक वाचक होती मॅडलिन स्लेड (जन्म १८९२). वडील नौदलाच्या पूर्वेकडील तुकडीचे प्रमुख असताना ती काही काळ मुंबईत राहिली होती, पण त्या गोऱ्या वर्तुळापलीकडचा देश तिला दिसला नव्हता. तिचे खरे वेड बेटहोव्हेन. त्या ओढीने ती रोलाँच्या ग्रंथांकडे वळली आणि ते मुळातून वाचण्यासाठी फ्रेंच शिकली.

८/ ती रोलाँला भेटायला स्वित्झर्लंडला गेली, तेव्हा त्याने तिला गांधींविषयी सांगितले. पुस्तक वाचून तिने भारतात जायचे ठरवले. मात्र आधी वर्षभर स्वतःला तयार केले. सूत कातणे, मांसाहार सोडणे, जमिनीवर बसणे. ७ नोव्हेंबर १९२५ रोजी ती साबरमतीला पोहोचली आणि मीरा झाली. संगीत मात्र मागे राहिले.

९/ डिसेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी रोलाँकडे उतरले. सोबत मीराबेन होत्याच. गांधीजींच्या इच्छेवरून रोलाँने पियानोवर बेटहोव्हेनच्या पाचव्या सिंफनीतील एक भाग वाजवला. ज्या सुरांनी मीराबेनना गांधीजींपर्यंत आणले, ते गांधीजींनी त्या दिवशी ऐकले.

१०/ पुढे गांधीजींचे वास्तव्य वर्ध्यात आले. शहरालगतच्या सिंदी गावात मीराबेन आणि महादेवभाई देसाई सकाळी रस्त्यांवरची घाण उचलत. गावकऱ्यांच्या सवयी त्यामुळे सहजी बदलल्या नाहीत. रोलाँच्या पुस्तकातील उदात्त एकांत इथे नव्हता. जी माणसे चरित्रात अंधारात राहिली होती, ती आता रोज समोर होती आणि ती सहज वंदन करणारी नव्हती.

११/ सिंदीनंतर त्या सेगावला गेल्या. १९३६ मध्ये गांधीजीही तिथे आले. टपाल शेगावला जाण्याचा घोटाळा होई, म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. आज जिला बापू कुटी म्हणतात, ती आधी मीराबेन यांची झोपडी होती. परिसरातील माती, बांबू आणि लाकूड वापरून ती उभी राहिली. भिंतीवर त्यांनी परिसरात दिसणारी झाडे उमटवली.

१२/ १९५९ मध्ये मीराबेन युरोपात परतल्या आणि व्हिएन्नाजवळ, बेटहोव्हेन जिथे भटकत असे त्या रानांच्या प्रदेशात राहिल्या. १९८२ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. बेटहोव्हेनवरील त्यांचे लेखन मृत्यूनंतर पुस्तकरूपाने आले.

१३/ थोरांच्या चरित्राने माणूस भारावतो आणि बहुधा तिथेच थांबतो. मीराबेन थांबल्या नाहीत. त्यासाठी त्यांनी तीसहून अधिक वर्षे दिली आणि आपले सर्वांत प्रिय संगीत दूर ठेवले. ही किंमत योग्य होती का, याचे उत्तर रोलाँच्या पुस्तकात सापडत नाही. सेवाग्रामला गेलात, तर गांधीजींची बैठक पाहून लगेच बाहेर पडू नका. भिंतीवरच्या त्या झाडांसमोरही थोडा वेळ थांबा.