श्रोत्याच्या हाती आलेले व्यासपीठ

प्रेरणादायी वक्ता आधी स्वतः यशस्वी असावा, असे आपण गृहीत धरतो. या व्यवसायाचा इतिहास मात्र निराळे सांगतो. १९१२ साली डेल कार्नेगी न्यूयॉर्कच्या वायएमसीएत वक्तृत्वाचे वर्ग घेऊ लागला, तो फिरता विक्रेता आणि नट या दोन्ही वाटा सोडून. रात्रीच्या वर्गाचे त्याने दोन डॉलर मागितले. संस्थेने ठरीव मानधन नाकारून शुल्कातला वाटा देऊ केला. म्हणजे श्रोते टिकले तरच पोट भरणार! पहिल्याच वर्गात सांगण्याजोगे संपले, तेव्हा त्याने विद्यार्थ्यांनाच उभे करून बोलते केले, असे सांगतात. भीड चेपण्याची ही रीतच त्याचे भांडवल ठरली. १९३६ च्या पुस्तकाने त्याचे नाव जगभर नेले.

अमेरिकेतील शटॉक्वाची उन्हाळी ज्ञानसभा १८७४ ची. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात आरंभलेली वसंत व्याख्यानमाला १८७५ ची. तेथे वक्ता विषय घेऊन येई. कार्नेगीच्या वर्गात श्रोता हाच विषय झाला. आम्हांस हा बदल मोलाचा वाटतो, आणि धोक्याचाही. अबोल माणसाला वाचा फुटली. पण समाजाविषयीचे प्रश्न हळूहळू स्वभावदुरुस्तीत विरघळू लागले. सभाधीटपणा कमावल्यावर बोलायचे कशाविषयी, हा व्याख्यानमालेच्या परंपरेचा प्रश्न आहे. नव्या वक्त्याने व्यासपीठावर चढण्यापूर्वीच तो स्वतःला विचारावा.