पूरबाधित मोटार (जुन्या गाडीची पारख)

पुराच्या किंवा तुंबलेल्या पाण्यात उभी राहिलेली आणि नंतर साफसूफ होऊन पुन्हा विक्रीला आलेली मोटार. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत (सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी पाऊस), ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड भागात मोठ्या प्रमाणावर वाहने पाण्याखाली गेली.

नुकसानीचे स्वरूप : ते मुख्यतः पाणी किती चढले आणि किती वेळ राहिले यावर ठरते. चाकांपुरते पाणी ब्रेक व बेअरिंगपाशी थांबते. फ्लोअर ओलांडल्यावर मॅटिंगखालचा फोम आणि सीटखालचे वायरिंग भिजते. डॅशबोर्डपर्यंत पोचल्यास ईसीयू व एअरबॅगची यंत्रणा धोक्यात येते. बुडालेली गाडी चालू करू पाहिल्यास सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तथापि इंजिन उघडून बांधता येते, प्रसंगी बदलताही येते. त्यामुळे नुसता इंजिनाचा आवाज ऐकून दिलेला निर्वाळा फारसा उपयोगाचा नाही. वायरिंगचे दुखणे अधिक चिवट असते. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट-पांढरा थर धरतो, तारेच्या आवरणाआत ओल पुढे सरकत राहते आणि पॉवर विंडो, सेंट्रल लॉक किंवा एअरबॅगचा दिवा यांचे दोष काही महिन्यांनी डोके वर काढतात. पाण्यात खाडीचा खारटपणा असल्यास गंज वेगाने चढतो.

तपासणी : सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढल्यास आत गुंडाळलेल्या भागावर पाण्याची रेघ किंवा गाळाचा डाग सापडू शकतो, पॉलिश करणाऱ्याचा हात सहसा तिथवर पोचत नाही. सीटचे रूळ व बोल्ट, डिकीतील स्टेपनीची खोबण, एअर फिल्टरचा डबा, हेडलाइटच्या आतली वाफ, फ्यूजबॉक्स ही पाहण्याची अन्य ठिकाणे. दुधाळ झालेले ऑइल पाण्याची शंका देते, पण विक्रीपूर्वी ऑइल बदललेले असणारच. जुन्या गाडीत कोरी मॅटिंग व अत्तराचा उग्र वास असल्यास मॅटिंग उचलून पाहावी.

कागदपत्रे : दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या मूल्याच्या (आयडीव्ही) ७५ टक्क्यांवर गेल्यास गाडी ‘टोटल लॉस’ मानण्याची विमाव्यवहारात रीत आहे. असे सांगाडे लिलावात जातात आणि त्यांतले काही दुरुस्त होऊन रस्त्यावर येतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५५ नुसार कायमचे निकामी झालेले वाहन मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचे असते; मात्र दुरुस्त होऊ शकणारी गाडी या व्याख्येत धरली जातेच असे नाही. अमेरिकेत अनेक राज्यांत मालकीपत्रावर पुराचा शेरा पडतो. भारतीय आरसीवर तशी सोय नाही. म्हणून विम्याच्या जुन्या पॉलिसी मागाव्यात. दावा न करणाऱ्याला मिळणारी सूट (एनसीबी) पहिल्या वर्षानंतर २० टक्के, तर सलग पाच वर्षांनंतर ५० टक्के असते. पहिल्याच मालकाकडे पाच-सहा वर्षे असलेल्या गाडीची सूट अचानक शून्यावर आलेली दिसली, तर त्याआधीच्या वर्षी दावा झाला असण्याची शक्यता मोठी. ही सूट गाडीची नसून मालकाची असते, त्यामुळे मध्ये मालक बदलला असेल तर हा ताळा जुळत नाही. दाव्याची तारीख, सर्व्हिसच्या नोंदी आणि आरसीवरचा पत्ता पुराच्या गावाशी व महिन्याशी ताडून पाहावा. परराज्यातून आलेल्या गाडीसाठी नमुना २८ मधील ना-हरकत पत्राची तारीखही पाहावी.

दुरुस्तीयोग्यता : मतभेद आहेत. वायरिंगचा संपूर्ण संच बदललेली गाडी काही मेकॅनिक चालण्याजोगी मानतात. एअरबॅगची हमी मात्र सहसा कोणी देत नाही.

विद्युत वाहने : आयपी-६७ दर्जाची बॅटरी एक मीटर पाण्यात ३० मिनिटे टिकण्यासाठी तपासलेली असते, दिवसचे दिवस साचलेल्या पुराला तो निकष लागू नाही.

दुचाकी : तपासणीची तत्त्वे हीच, कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या वाहनांत वायरिंग कमी.