मिक्सर : बिघाड व घरगुती तपासणी

ओले-सुके जिन्नस वाटण्याचे, विजेवर चालणारे स्वयंपाकघरातील यंत्र. खाली मोटरचा खोका, वर पोलादी भांडे, भांड्याच्या तळाशी पाते आणि मोटर व पाते यांना जोडणारा कपलर, एवढीच त्याची रचना. मोटर युनिव्हर्सल प्रकारची, बहुधा ५०० ते ७५० वॉटची असते. मोकळी फिरताना ती मिनिटाला १८ ते २० हजार फेरे घेते. १९६०च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर यांनी ‘सुमीत’ मिक्सर बाजारात आणला. परदेशी मिक्सर सुके खोबरे, हळकुंड आणि भिजवलेल्या डाळीपुढे हात टेकत, ही त्यामागची अडचण होती. देशी मिक्सरही अडतो तो बहुतेक वेळा याच वाटणापाशी.

‘मोटर जळाली’ हे घरोघरी होणारे निदान पुष्कळदा खोटे ठरते. गच्च भरलेल्या भांड्यात खोबरे वाटताना मिक्सर एकाएकी गप्प झाला, तर आधी त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून वीज आहे का ते पाहावे. वीज असेल, तर ओव्हरलोड स्विच पडलेला असतो. मोटर प्रमाणाबाहेर प्रवाह ओढू लागली की हा स्विच वीज तोडतो; मिक्सर बिघडलेला नसतो, त्याने स्वतःला वाचवलेले असते. अशा वेळी बटण शून्यावर आणावे, पिन काढावी, भांडे उतरवून निम्मे रिकामे करावे आणि पाच-दहा मिनिटे मोटर निवू द्यावी. मग खोका आडवा करावा. बऱ्याच मिक्सरांत रबरी पायांच्या मधोमध हरभऱ्याएवढे लाल बटण दिसते, जुन्या यंत्रात ते चटणीच्या वाळक्या थराखाली शोधावेही लागते. ते दाबल्यावर ‘टिक्’ असा आवाज येतो आणि मिक्सर पूर्ववत चालतो. बटण शून्यावर न आणता लाल बटण दाबणे धोक्याचे, कारण पिन लावताच मोटर धावू लागते. भांडे नसतानाही लाल बटण पुन्हा पडत असेल, तर दोष आत आहे.

बाकीचे निदान बरेचसे कानाने होते. मोटर जोरात गरगरते पण वाटण जागचे हलत नाही, तेव्हा कपलरचे दाते झिजलेले किंवा तुटलेले असतात. कपलर एक भांड्याखाली व एक खोक्यावर असतो. दोन्ही उजेडात धरून पाहावेत. पाते अडकले तर मोटरऐवजी हा स्वस्त तुकडा तुटावा, हे एका अर्थी सोयीचेच आहे. याउलट ‘घूं’ असा आवाज येतो पण काहीच फिरत नाही, तेव्हा दुसरे भांडे चढवून पाहावे. ते चालले, तर मोटर निर्दोष आहे आणि पहिल्या भांड्याचे पाते जाम झाले आहे. भांड्यात थोडा वेळ गरम पाणी ठेवून, खालचा कपलर हाताने मागेपुढे फिरवल्यास बहुधा ते सुटते. पात्याला वरून बोट लावू नये. काही मिक्सर झाकण किंवा भांडे खटकन बसल्याखेरीज सुरूच होत नाहीत. हा त्यांचा बिघाड नव्हे.

भांड्याखाली काळपट तेलकट ओघळ दिसला, तर बुश किंवा सील झिजले आहे. भांडे चालते म्हणून वापरत राहिल्यास तोच ओघळ मोटरमध्ये उतरतो. खोक्याच्या झडपांतून बारीक निळसर ठिणग्या दिसणे या मोटरच्या स्वभावातच आहे, पण पिवळ्या मोठ्या ठिणग्या, करपट वास आणि थांबत-थांबत चालणे ही मोटरमधील कार्बन (ब्रश) संपल्याची लक्षणे. कार्बन स्वस्त असले तरी खोका उघडावा लागतो, तेव्हा ते काम मेकॅनिकचे. नव्या मिक्सरला पहिले काही दिवस वार्निशचा वास येतो, तो आपोआप जातो.

खडेमीठ फिरवल्याने पात्याला धार येते, असा समज आहे. मीठ पोलादापेक्षा मऊ असल्याने धार येत नाही. फार तर चिकटलेला थर निघतो आणि वाटण बरे होते, म्हणून श्रेय मिठाला मिळते.

खोक्यावरील ‘३० मिनिटे’ हे रेटिंग सलग अर्धा तास चालवण्याचे नसते. पाच मिनिटे चालवून दोन मिनिटे थांबायचे, अशा हप्त्यांची ती मर्यादा असते. दिवाळीआधी भाजणी किंवा मसाला दळताना हे नेमके विसरले जाते.

हाताला झिणझिण्या आल्या, धूर निघाला किंवा वायर सोलली, तर पिन काढून मेकॅनिकला बोलवावे. दुकानात न्यायचा असल्यास सगळी भांडी बरोबर न्यावीत. नुसता खोका नेल्यास तिथे तो खुशाल चालतो आणि माणूस हात हलवत परत येतो.